पाठ आहे, पण सुटत का नाही?

निकालाच्या दिवशी अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. "अम्मी, मला सगळं येत होतं, तरी मार्क आले नाहीत." बारावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवणारी मुलगी 'नीट' किंवा सीईटीत मागे पडते. घरचे म्हणतात, अभ्यास कमी पडला. क्लासवाले म्हणतात, आणखी एक वर्ष द्या. मुलगी स्वतःशीच म्हणते, माझ्यात तेवढं डोकं नाही. या तिघांपैकी कोणीही एक साधी गोष्ट विचारत नाही. त्या प्रश्नपत्रिकेने मुलीच्या डोक्याकडून नेमके काय मागितले होते आणि तिने कशाची तयारी केली होती?

हे विचारणे गरजेचे आहे, कारण चुकीच्या निदानाची किंमत मोठी असते. क्लासची फी लाखाच्या घरात जाते. दागिने गहाण पडतात, अब्बांची शिल्लक संपते. शिवाय मुलाला घरातून आणखी एक वर्ष मिळते, मुलीला ते मिळेलच असे नाही. तिच्यासाठी पहिली संधीच बऱ्याचदा शेवटची ठरते. म्हणून प्रवेश परीक्षेतील विज्ञानाचा प्रश्न आतून कसा असतो, हे पालकांनीही समजून घ्यायला हवे. त्यासाठी पालक स्वतः विज्ञान शिकलेले असण्याची गरज नाही.

एक प्रश्न आणि दोन पुस्तके

२०२४ च्या 'नीट' परीक्षेतील भौतिकशास्त्राचा एक प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. प्रश्नात दोन विधाने होती. पहिल्याचा अर्थ असा की अणूत धन आणि ऋण प्रभार सारखे असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसऱ्याचा अर्थ असा की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. कोणते विधान बरोबर, कोणते चूक, हे ठरवायचे होते.

एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात दुसरे विधान जवळपास तसेच छापलेले होते. नव्या आवृत्तीत ते दुरुस्त केलेले होते. परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेने सुरुवातीला दोन्ही उत्तरांना गुण दिले. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले. तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले : पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. दुसरा पर्याय निवडणाऱ्या ४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण त्यामुळे कमी झाले. जूनमध्ये ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाढीव गुण रद्द झाल्यावर आणि या प्रश्नाचे एकच उत्तर धरल्यावर सुधारित निकालात असे १७ जण उरले.

वाद न्यायालयात मिटला. आपल्याला त्यातून काही वेगळे शिकायचे आहे. ज्याने ते वाक्य पाठ केले होते, त्याने ते ओळखले आणि 'बरोबर' अशी खूण केली. ज्याने वाक्य वाचून क्षणभर विचार केला की युरेनियमचे काय, रेडियमचे काय, ते तर किरणोत्सारी आहेत, आपोआप विघटित होतात, मग 'प्रत्येक' मूलद्रव्याचे अणू स्थिर कसे, तो अडखळला आणि अचूक उत्तरापर्यंत पोहोचला. दोघांचा अभ्यास कदाचित सारख्याच तासांचा असेल. एकाने आठवण वापरली, दुसऱ्याने आठवणीची तपासणी केली.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. जुन्या पुस्तकावर विसंबणारी मुले मूर्ख नव्हती. थोरल्या भावाचे, शेजारच्या आपाचे किंवा रद्दीच्या दुकानातून घेतलेले पुस्तक वापरणारी असंख्य मुले आपल्या मोहल्ल्यांत आहेत. जुने पुस्तक वापरायला हरकत नाही, पण चालू आवृत्तीशी ते एकदा ताडून पाहावे. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात.

प्रश्नांच्या पायऱ्या

१९५६ साली अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची एक उतरंड मांडली. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी तिची सुधारित मांडणी केली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशा त्या सहा पायऱ्या. बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाला त्या माहीत असतात. पालकांसाठी एकच विषय घेऊन चार पायऱ्या पाहू.

स्मरण : इन्सुलिन शरीरात कुठे तयार होते? उत्तर, स्वादुपिंडातील बीटा पेशींत. आठवले तर आले, नाही आठवले तर नाही.

आकलन : इन्सुलिनमुळे रक्तातील साखर कमी का होते? इथे शब्द आठवून भागत नाही. इन्सुलिन पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावते आणि यकृतात ते साठवले जाते, ही प्रक्रिया समजलेली असावी लागते.

उपयोजन : रोजा असलेल्या निरोगी माणसाच्या रक्तात असरच्या सुमारास इन्सुलिनचा प्रभाव जास्त असेल की ग्लुकागॉनचा? पुस्तकात रोजाचा उल्लेख नाही. पण सहरीपासून पोटात अन्न नाही, साखर टिकवून धरायची आहे, म्हणून यकृतातील साठा मोकळा करणाऱ्या ग्लुकागॉनचा प्रभाव वाढलेला असेल, असे मुलाला स्वतः जोडावे लागते.

विश्लेषण : दोन रुग्णांच्या रक्तात साखर वाढलेली आहे. पहिल्याचे इन्सुलिन अगदी कमी, दुसऱ्याचे भरपूर. कोणाच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत? इथे आकडे वाचायचे, तुलना करायची, एक शक्यता खोडायची. पहिल्याच्या शरीरात इन्सुलिनच पुरेसे बनत नाही. दुसऱ्याच्या शरीरात ते आहे, तरी काम होत नाही. म्हणून उत्तर दुसरा.

चारही प्रश्न एकाच धड्यातले आहेत. ज्या मुलीने धडा दहा वेळा वाचला, तिला पहिला प्रश्न पक्का येतो. चौथा येईलच याची हमी त्या वाचनाने मिळत नाही, कारण चौथ्या प्रश्नाचा सराव तिने एकदाही केलेला नसतो. वार्षिक परीक्षेत व्याख्या, आकृत्या आणि ठरावीक उत्तरे यांवर बरेच गुण मिळून जातात. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाने मात्र आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की एमएचटी-सीईटीचे प्रश्न मुख्यतः उपयोजनावर आधारित असतील, काठिण्य पातळी भौतिक, रसायन आणि गणितासाठी जेईई मेनची व जीवशास्त्रासाठी 'नीट'ची असेल. अकरावीच्या निवडक धड्यांना सुमारे २० टक्के आणि बारावीला ८० टक्के वजन असते. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, हा समज इथेच महागात पडतो.

डोक्यातला छोटा ओटा

स्वयंपाकघरात कपाट मोठे असते आणि ओटा लहान. कपाटात पन्नास डबे मावतात, पण ओट्यावर एका वेळी चार-पाचच भांडी राहतात. माणसाच्या स्मृतीचेही तसेच आहे. दीर्घकालीन स्मृती हे कपाट. ज्यावर प्रत्यक्ष काम चालते ती कार्यकारी स्मृती म्हणजे ओटा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये या ओट्याची मर्यादा सुमारे सात गोष्टी अशी सांगितली. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास असल्याचे मांडले.

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचे रसायनशास्त्र-शिक्षक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी याचा थेट विज्ञानाच्या प्रश्नांशी संबंध जोडला. १९८६ मध्ये त्यांनी आणि एल-बन्ना यांनी प्रश्न सोडवताना विद्यार्थ्याला किती गोष्टी आणि पायऱ्या सांभाळाव्या लागतात ते मोजले. त्यांना दिसले की पायऱ्या वाढत गेल्या की यश सावकाश कमी होत नाही. ओट्याची मर्यादा ओलांडली की ते एकदम कोसळते. म्हणजे चार पायऱ्यांचे उदाहरण सोडवणारे मूल सहा पायऱ्यांच्या उदाहरणात थोडे मागे पडत नाही, पार गोंधळून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, याला काहीच येत नाही.

एक उदाहरण घ्या. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात आहे. ब्रेक लावल्यावर ती ५० मीटरवर थांबते. ब्रेकचे सरासरी बल किती? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, ही पहिली पायरी. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे १०० भागिले १००, म्हणून मंदन १, ही दुसरी. वस्तुमान गुणिले मंदन, म्हणजे १००० न्यूटन, ही तिसरी. कोणते सूत्र लागू होते हे ओळखणे, एकके सांभाळणे, चिन्ह विसरू नये याची काळजी घेणे, हे सगळे त्याच ओट्यावर.

आता तोच प्रश्न वेगळ्या रूपात विचारतात. ब्रेकचे बल तेच, वेग दुप्पट केला, तर गाडी किती अंतरावर थांबेल? एक विद्यार्थी पुन्हा सगळी आकडेमोड करतो. दुसऱ्याला थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते हे समजलेले आहे. वेग दुप्पट तर अंतर चौपट, २०० मीटर. दहा सेकंदांत उत्तर. हुशार मुलाचा ओटा मोठा असतो असे समजू नका. त्याने तीन भांडी एका डब्यात भरून ठेवलेली असतात, म्हणून ओट्यावर जागा उरते. ही भरणी समजून केलेल्या सरावाने होते.

रसायनशास्त्राचे तीन मजले

याच जॉनस्टन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते. डोळ्यांना दिसते ते, न दिसणाऱ्या कणांच्या जगात घडते ते, आणि कागदावर चिन्हांत लिहितो ते. शिक्षक या तिन्ही मजल्यांवर सहज चढ-उतार करतात. विद्यार्थी बऱ्याचदा चिन्हांच्या मजल्यावरच राहतो.

घरातलेच उदाहरण पाहा. दोन पातेल्यांत एकेक किलो पाणी आहे. एकात एक मोल मीठ, म्हणजे सुमारे ५८.५ ग्रॅम टाकले. दुसऱ्यात एक मोल साखर, म्हणजे ३४२ ग्रॅम. कोणते पाणी जास्त तापमानाला उकळेल? अनेक मुले साखर म्हणतात, कारण ती वजनाने कितीतरी जास्त आहे. पण उत्कलनबिंदूतील वाढ विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते. साखरेचा रेणू पाण्यात अखंड राहतो. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात. म्हणून मिठाच्या पाण्यात कण जवळपास दुप्पट आणि वाढही जवळपास दुप्पट, साखरेला साधारण अर्धा अंश तर मिठाला साधारण एक अंश. सूत्र पाठ असूनही हा प्रश्न चुकतो, कारण कणांचे चित्र डोळ्यांपुढे कधी आलेलेच नसते.

१९८७ मध्ये अमेरिकेत नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वायूंच्या नियमांवर दोन प्रकारचे प्रश्न दिले. एक आकडेमोडीचा, दुसरा कणांची आकृती निवडण्याचा. आकडेमोड बरोबर करणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना आकृती ओळखता आली नाही. उत्तर येणे म्हणजे समजणे नव्हे, हे आपल्याकडचे शिक्षक अनुभवाने सांगतात. अमेरिकेतही तेच दिसले.

भाषेचे ओझे

आपल्या घरांतील मुलांच्या बाबतीत ओट्यावर आणखी एक भांडे असते आणि ते बरेच मोठे असते. ते म्हणजे भाषा. भिवंडी, मालेगाव किंवा मुंब्र्यातील उर्दू माध्यमाच्या मुलीने दहावीपर्यंत 'शिरयान' आणि 'वरीद' शिकलेले असते. मराठी माध्यमाच्या मुलाने 'रोहिणी' आणि 'नीला'. अकरावीला विज्ञान शाखेत आल्यावर दोघांनाही 'आर्टरी' आणि 'व्हेन' म्हणावे लागते. हृदय तेच, रक्त तेच, पण प्रत्येक वाक्यात आधी शब्दाचा अर्थ लावायचा आणि मग विचार करायचा.

आता असा प्रश्न वाचा. विधान : रोहिण्यांच्या भिंती नीलांपेक्षा जाड असतात. कारण : बहुतेक रोहिण्यांतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते. विद्यार्थ्याला चार पर्यायांतून निवडायचे आहे. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पण दुसरे पहिल्याचे कारण आहे का? नाही. भिंती जाड असतात त्या रक्ताच्या दाबामुळे. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते, तरीही तिची भिंत फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलेपेक्षा जाड असते. हे सगळे जीवशास्त्र येणारी मुलगीसुद्धा 'दोन्ही बरोबर, पण कारण योग्य नाही' या वाक्याच्या इंग्रजी रूपात अडकते. गुण जातो भाषेमुळे, दोष येतो बुद्धीवर.

कॅसल्स आणि जॉनस्टन यांनी १९८४ मध्ये रसायनशास्त्राचे तेच बहुपर्यायी प्रश्न सोप्या शब्दांत लिहून पाहिले. अवघड शब्द बदलले, 'पैकी कोणते नाही' अशी नकारार्थी रचना सरळ केली. अनेक प्रश्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढले. विज्ञान तेवढेच होते, भाषा हलकी झाली होती. ही मुले इंग्रजी मातृभाषेची होती, हे लक्षात ठेवा. आपल्या मुलांवर तो भार किती असेल, याचा अंदाज करा.

'नीट' मराठीत आणि उर्दूतही देता येते. २०१८ पासून उर्दूचा समावेश झाला. एकूण १३ भाषा आहेत. प्रादेशिक भाषा निवडली तर प्रश्नपुस्तिकेत इंग्रजीही असते, पण भाषांतरात शंका निर्माण झाल्यास इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र इंग्रजी, मराठी किंवा उर्दूत घेता येते, गणित मात्र फक्त इंग्रजीत. भाषा निवडताना नातेवाइकांचा सल्ला बाजूला ठेवावा. मुलीला दोन्ही भाषांतील जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला द्याव्यात आणि गुण पाहून निर्णय घ्यावा. इंग्रजीच घ्यायची असेल, तर दहावीच्या सुट्टीतच एक वही करावी. डावीकडे उर्दू किंवा मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज दहा शब्द, दोन महिन्यांत सहाशे. अकरावीच्या पहिल्या दिवशी ओट्यावरचे ते मोठे भांडे बरेच लहान झालेले असेल.

घड्याळ आणि गुणांचा हिशेब

विचाराला वेळ लागतो आणि नेमका तोच इथे कमी असतो. २०२५ पासून 'नीट'मध्ये १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे आहेत. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच उत्तरपत्रिकेवर गोल भरणेही आले. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. जीवशास्त्रालाही तेवढेच. गणिताला ५० प्रश्नांसाठी ९० मिनिटे, म्हणजे १०८ सेकंद. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना तीन तास, म्हणजे प्रत्येकी २ मिनिटे २४ सेकंद.

सरासरीने फसू नये. स्मरणाचा प्रश्न वीस सेकंदांत संपतो आणि विश्लेषणाच्या प्रश्नाला अडीच मिनिटे लागतात. जिची आठवण पक्की असते, ती 'नीट'मधील जीवशास्त्राचे ९० प्रश्न लवकर संपवते आणि वाचलेला वेळ भौतिकशास्त्राला देते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा भाग लांब आणि आकडेमोडीचा होता. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ७२० पैकी ६८६ होते. अशा पेपरात वेळेचे नियोजनही बुद्धीइतकेच उपयोगी पडते.

उत्तर येत नसेल तर काय करावे? सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. चारही पर्यायांबद्दल काहीच माहीत नसताना खूण केली, तर सरासरीने पदरात फक्त पाव गुण पडतो, तोही नशिबावर. दोन पर्याय विचाराने खोडता आले, तर तीच सरासरी दीड गुणावर जाते. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही किंमत आहे, पण ते खोडण्यासाठी वापरले तर. 'हे उत्तर का नाही' असा विचार करण्याची सवय अभ्यासातच लावावी लागते.

पाठांतर वाईट नाही

हे सगळे वाचून कोणी असे समजू नये की पाठांतर टाकून द्यावे. कपाट रिकामे असेल, तर ओट्यावर आणणार काय? जीवशास्त्रातील नावे, आवर्तसारणी, सूत्रे, एकके पाठ असलीच पाहिजेत. प्रश्न आहे तो पाठ करण्याच्या पद्धतीचा.

हिफ्ज करणाऱ्या मुलांची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेली आहे. आजचा नवा सबक, त्यानंतर गेल्या काही दिवसांची सबकी, आणि मग जुने आमुख्ता. मूल पान बंद करून उस्तादांना ऐकवते. चूक झाली की तिथेच दुरुस्ती होते. पान उघडे ठेवून शंभर वेळा वाचले, तर कोणी हाफिज होत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. आपल्या मदरशांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तेच विज्ञानाच्या वहीसाठी वापरायचे आहे : पुस्तक मिटा, आठवा, ऐकवा, जुनेही फिरवत राहा. आणि त्यावर एक गोष्ट जोडा : प्रत्येक आठवलेल्या वाक्यापुढे 'का?' लिहा.

घरात काय करता येईल?

पहिले, ऐकणारे व्हा. अम्मी किंवा दादीला विज्ञान येत नसले तरी चालते, उलट बरेच. मुलाने आजचा धडा तुम्हाला घरच्या भाषेत समजावून सांगावा. कळले नाही तर निःसंकोच विचारा, "असं का होतं?" आणि "तसं नसतं तर काय झालं असतं?" ज्याला सोप्या शब्दांत सांगता येत नाही, त्याला ते अजून पुरते समजलेले नाही, हे दोघांनाही कळते.

दुसरे, चुकांची वही ठेवा. सराव परीक्षेनंतर गुणांवरून ओरडण्याआधी प्रत्येक चुकीचा प्रश्न चारपैकी एका रकान्यात टाका : माहीत नव्हते, समजले नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. चारही आजार वेगळे, औषधही वेगळे. पहिल्याला पाठांतर, दुसऱ्याला चांगला शिक्षक, तिसऱ्याला भाषेचा सराव, चौथ्याला घड्याळ. सगळ्यांना 'आणखी तास बस' हे एकच औषध देणे म्हणजे प्रत्येक दुखण्याला तीच गोळी.

तिसरे, क्लासची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका वर्गात किती मुले? चुकलेल्या प्रश्नांची चर्चा कोण आणि केव्हा करतो? शंका विचारायला वेगळा वेळ आहे का? भिंतीवरची गुणवंतांची छायाचित्रे या प्रश्नांची उत्तरे देत नाहीत.

चौथे, प्रश्नपत्रिका आधी, पुस्तकांचा ढीग नंतर. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. प्रत्येक प्रश्नापुढे मुलाने स्वतः लिहावे : हा आठवणीचा, हा समजण्याचा, हा वापरण्याचा, हा विचार करण्याचा. महिनाभरात मुलाला कळते की आपण कोणत्या पायरीवर थांबतो.

पाचवे, आणि हे जरा स्पष्ट बोलतो. मुलगी परीक्षेच्या वर्षात असेल, तर तिचे चार तास खरोखर तिचे असू द्या. पाहुणे आले की चहा तिनेच करायचा, लहान भावाला तिनेच सांभाळायचे आणि मधल्या तुकड्यांत अभ्यास करायचा, असे असेल तर ओटा सतत दुसऱ्याच भांड्यांनी भरलेला राहतो. अनेक पायऱ्यांचा प्रश्न तुकड्यांत सुटत नाही. दर उठण्यासोबत धरलेला धागा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. भाऊही चहा करू शकतो. घर लहान असेल, तर मोहल्ल्यातील अभ्यासिका, मशिदीशेजारचे सभागृह किंवा शाळेचा रिकामा वर्ग मुलींसाठी ठरावीक तास खुला करणे हे जमातीचे काम आहे. त्याला फार पैसा लागत नाही, इरादा लागतो.

सहावे, झोप. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी पेपर देणारे मूल आपला ओटा स्वतःच अर्धा करून जाते.

आणि शेवटी, गुण कमी आलेच, तर मुलाला 'तुझ्यात डोकं नाही' असे म्हणू नका. एका प्रश्नाला एक मिनिट, कधी परकी भाषा, चार फसवे पर्याय आणि सहा पायऱ्यांचे गणित, एवढ्या सगळ्यातून गेलेले ते मूल आहे. निकालानंतर आठवडाभराने, राग आणि रडणे ओसरल्यावर, प्रश्नपत्रिका पुढे घेऊन त्याच्या शेजारी बसा. कुठे अडले ते प्रश्नागणिक पाहा. पुन्हा वर्ष द्यायचे, दुसरी शाखा निवडायची, की फार्मसी, नर्सिंग, कृषी किंवा बी.एस्सी.चा रस्ता धरायचा, हा निर्णय त्या कागदांवरील चुकांचे रकाने पाहून घ्या. एखाद्या मुलीच्या वहीत तीसपैकी वीस चुका 'प्रश्न नीट वाचला नाही' आणि 'वेळ पुरला नाही' या रकान्यांत निघाल्या, तर तिला विज्ञान येते. तिला हवे आहे ते भाषेचे थोडे पाठबळ, एक घड्याळ आणि घरच्यांचे आणखी एक वर्ष. ते वर्ष तिला द्या.